अन्ननलिकेचं अस्तर आणि आम्ल : वाचकांचे प्रश्न

छातीतल्या जळजळीबद्दल आलेल्या पत्रांमधले आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. औषधांची माहिती प्रौढांपुरती आहे.

प्रश्न : जठरात रोज एवढं तीव्र आम्ल तयार होतं, पण जठराला काही होत नाही. तेच आम्ल चार बोटं वर सरकलं की आग होते. अन्ननलिकेचं अस्तर इतकं नाजूक का?

ते नाजूक नाही, ते वेगळ्या कामासाठी घडलेलं आहे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. घास पुढे ढकलणं आणि त्याच्या कडा, त्याची घासणी सोसणं हे तिचं काम. त्यासाठी तिला त्वचेसारखं अस्तर मिळालं आहे : चपट्या पेशींचे पंचवीस-तीस थर एकावर एक. त्वचेवर असतो तसा वरचा कोरडा, मेलेला, कठीण थर मात्र इथे नसतो.

जठराची रचना याच्या उलट आहे. तिथे आम्लासमोर पेशींचा एकच थर असतो, पण त्यावर जेलीसारख्या बुळबुळीत स्रावाचं जाड पांघरूण असतं आणि त्यात खालून आम्ल निवळवणारं बायकार्बोनेट झिरपत राहतं. त्यामुळे जठराच्या पोकळीत पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ असला तरी पेशीच्या अंगाला लागून तो ७ च्या आसपास राहतो. पीएचमधला एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. दोन आणि सात यांच्यातला फरक झाला एक लाख पटीचा, आणि तो एवढ्याशा जाडीत राखलेला असतो. अन्ननलिकेजवळ असं पांघरूण नाही. लाळेची पातळ ओल आणि अस्तराखालच्या ग्रंथींतून येणारं थोडं बायकार्बोनेट, एवढ्यावर तिला भागवावं लागतं. पोकळीत पीएच २ झाला की अस्तराच्या पृष्ठभागावरही तो दोन-तीनच असतो.

म्हणजे खरा बचाव अस्तराच्या आतच आहे. सगळ्यात वरच्या पेशींचा आम्लाकडचा पृष्ठभाग हायड्रोजन आयनांना, म्हणजे आम्लाच्या कणांना, सहजासहजी आत घेत नाही. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात आणि मधल्या फटींत ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रथिन) पुट्टीसारखं भरलेलं असतं. तरीही थोडं आम्ल आत शिरलंच, तर पेशीतली प्रथिनं, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट ते शोषून घेतात. उरलेला हायड्रोजन पेशी बाहेर टाकते आणि त्याच्या बदल्यात सोडियम आत घेते. खालून रक्त सतत नवं बायकार्बोनेट आणून देतं आणि आम्ल वाहून नेतं.

या रचनेत एक कच्चा दुवा आहे. पेशीची वरची बाजू आम्ल बऱ्यापैकी सोसते, पण बाजूच्या आणि खालच्या पृष्ठभागांची तेवढी तयारी नसते. आम्ल फटीतून खाली उतरून पेशीला बाजूने भिडलं, तर वरून जे तिनं सोसलं असतं त्यानेच ती फुगते आणि मरते. म्हणूनच सगळी भिस्त टाक्यांवर आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपासून जळजळ आहे. दुर्बिणीने तपासणी झाली, अहवाल ‘नॉर्मल’ आला. घरचे म्हणतात, मनाचा खेळ आहे. खरंच असं असतं का?

नाही. आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्या माणसांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणांची एण्डोस्कोपी नॉर्मल दिसते. दुर्बीण अस्तराचा पृष्ठभाग दाखवते. तुमचं दुखणं त्याच्या खाली असू शकतं.

जळजळ असणाऱ्यांच्या अस्तराचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात. पेशी जागच्या जागी असतात, वरचा थर अखंड असतो, पण मध्ये पाण्याचे डोह साचल्यासारखी पोकळी दिसते. ही रुंदी दोन-तीन मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. दुर्बिणीच्या चित्रात ती दिसणार कशी?

संवेदना नेणाऱ्या चेतातंतूंची टोकं या अस्तरातच, पृष्ठभागापासून काही थर खाली असतात. टाके सैल झाले की हायड्रोजन आयन त्यांच्यापर्यंत पोहोचतात. आम्ल ओळखणाऱ्या तिथल्या ग्राहकांपैकी (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांपैकी) एक टीआरपीव्ही-वन. हाच ग्राहक ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो आणि तिखटातल्या कॅप्सेसिननेही हाच चेततो. मेंदूकडे जाणारा निरोप एकच असतो : भाजतंय. ‘जळजळ’ हा आपला शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी नेमका आहे.

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच, की मनावरचा ताण हे दुखणं वाढवू शकतो. तीव्र ताणाने याच फटी रुंदावतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. काही जणांत आम्लाचं प्रमाण सर्वसाधारण असूनही चेतातंतूच अतिसंवेदनशील झालेले असतात. तेही दुखणं खरंच असतं, उपचार मात्र वेगळे.

तुम्ही दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, तपासणी झाली तेव्हा आम्ल कमी करणारी गोळी चालू होती का? चालू असेल तर आधीची जखम भरून आलेली असणं शक्य आहे. निदान पक्कं करायचं असेल तर डॉक्टर साधारण दोन ते चार आठवडे गोळी बंद ठेवून एण्डोस्कोपी करतात. दुसरी, औषध न घेता २४ तासांची पीएच तपासणी झाली आहे का? नॉर्मल एण्डोस्कोपीनंतर खरा उलगडा तिथूनच होतो.

प्रश्न : आम्ल अस्तराला वरून जाळत जातं, म्हणून व्रण पडतो, असंच ना?

बरीच वर्षं वैद्यकात हाच समज होता. आम्ल वरच्या पेशी मारतं, ती तूट भरायला तळाचा थर भराभर वाढतो, तूट भरून निघाली नाही की व्रण पडतो, असं हे चित्र. २००९ मध्ये अमेरिकेत डॅलस इथल्या गटाने उंदरांवर केलेल्या कामाने त्याला धक्का दिला. शस्त्रक्रिया करून उंदरांच्या अन्ननलिकेत जठराचं आम्ल आणि पित्त वर येऊ दिलं होतं. तिसऱ्या दिवशी लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या, संरक्षक पेशींचा एक प्रकार) पेशी अस्तराच्या खालच्या थरात जमलेल्या दिसल्या, वरचा पृष्ठभाग तेव्हा शाबूत होता. तळाचा थर वाढला तो वरची झीज व्हायच्या आधी. व्रण काही आठवड्यांनी आले. २०१६ मध्ये त्याच गटाने माणसांत हे तपासलं. औषधाने अन्ननलिकेची जखम भरलेल्या १२ रुग्णांची गोळी दोन आठवडे थांबवली आणि अस्तराचे तुकडे तपासले. रासायनिक भाजण्यात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी अपेक्षित असतात, पण त्या थोड्याच होत्या. गर्दी होती टी-लिम्फोसाइटची.

याचा अर्थ असा लागतो : वर आलेला रस पेशींना चिथावतो, त्या दाह वाढवणारी रसायनं सोडतात, आणि बोलावून आणलेल्या संरक्षक पेशी पुढचं नुकसान करतात. आम्ल थेट भाजतच नाही असं नव्हे. फार तीव्र आम्ल फार वेळ राहिलं तर पेशी थेट मरतातच. पण रोजच्या त्रासात जखम बरीचशी आतून वर येते, हे आता मानायला हवं.

आणि वर येणारा रस म्हणजे निव्वळ आम्ल नसतं. त्यात पेप्सिन असतं, ते प्रथिनं कापतं, आणि पेशींचे टाके प्रथिनांचेच असतात. पेप्सिनचा जोर पीएच २ च्या आसपास सर्वांत जास्त. पीएच ४ च्या वर तो बराच ओसरतो. कधी पित्तातली आम्लंही सोबत येतात आणि पेशींच्या आवरणातून आत घुसतात. तिघं मिळून जे करतात ते एकट्या आम्लाला जमत नाही.

प्रश्न : दिवसा काही नाही, पण मध्यरात्री जळजळीने जाग येते. तीन उशा घेऊन झोपते, तरी फरक नाही.

आधी उशा काढा. तीन उशांनी मान आणि छातीचा वरचा भाग उचलला जातो, पण शरीर कमरेत मुडपतं, पोटावर दाब येतो आणि रस आणखी वर ढकलला जातो.

रात्रीचं गणित समजून घ्यायला एक जुना प्रयोग उपयोगी आहे. अन्ननलिकेत १५ मिलीलिटर आम्ल सोडलं. एकदा गिळल्यावर आकुंचनाची लाट वरून खाली गेली आणि जवळजवळ सगळं आम्ल जठरात गेलं. मागे एक मिलीलिटरही उरलं नाही. पण पीएच मोजणाऱ्या तारेवरचा आकडा मात्र खालीच अडकून राहिला, कारण भिंतीला चिकटलेली ती ओल अजून आम्लच होती. पुढे दर आवंढ्याला पीएच एकेक पायरी वर चढला. तोंडातली लाळ बाहेर ओढून घेतली तर हा चढ थांबला. म्हणजे लाट आम्ल उपसते आणि लाळेतलं बायकार्बोनेट उरलेली ओल निवळतं. दोन्ही लागतात.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आवंढे फार कमी होतात आणि आडवं झाल्यामुळे उताराचीही मदत राहत नाही. दिवसा दोन-चार मिनिटांत निवळणारं आम्ल रात्री पाऊण तासही भिंतीला लागून राहू शकतं. अस्तर किती बिघडेल हे आम्ल किती वेळा वर आलं यापेक्षा किती वेळ टिकलं यावर जास्त ठरतं. त्यामुळे रात्रीचा त्रास आम्ही दिवसाच्या त्रासापेक्षा गंभीर मानतो.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे भक्कम ठोकळे द्या. पाय घसरू नयेत म्हणून ठोकळ्यात खोलगट खाच असू द्या. ते शक्य नसेल तर कमरेपासून डोक्यापर्यंत एकसंध चढ देणारी पाचर मिळते, ती घ्या. ती खांद्यापाशी सुरू होणारी नको. डाव्या कुशीवर झोपा : त्या स्थितीत जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो, उजव्या कुशीवर तो वर येतो. शेवटचं खाणं आणि झोप यांत तीन तास ठेवा. जेवणानंतर जठरात अन्नाच्या वर, अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेच्या अगदी खाली, अन्नात न मिसळलेल्या आम्लाचा एक थर तरंगत असतो, आणि भरल्या जठराच्या ताणाने ती झडप अधूनमधून दहा सेकंदांहून जास्त वेळ आपोआप सैल पडते. आडवं होण्याची याहून वाईट वेळ नाही. अल्जिनेटची पातळ औषधं नेमकी याच थरावर तराफ्यासारखी पसरतात, म्हणून ती जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची असतात.

प्रश्न : पीएच तपासणीत ‘आम्ल संपर्क काळ ७.२ टक्के’ आणि एण्डोस्कोपीत ‘ग्रेड बी’ लिहिलं आहे. हे किती वाईट?

चोवीस तासांचे १४४० मिनिटं धरा. त्याचे ७.२ टक्के म्हणजे जवळपास १०४ मिनिटं तुमच्या अन्ननलिकेत, झडपेच्या पाच सेंटिमीटर वर, पीएच ४ च्या खाली होता. ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५८ मिनिटांच्या आत, सर्वसाधारण धरतात. ६ टक्क्यांच्या वर निश्चित जास्त. मधला भाग संदिग्ध. अहवालात ‘सर्वांत लांब घटना’ असाही आकडा असतो, तो जरूर पाहा. १०४ मिनिटं पन्नास छोट्या घटनांत वाटलेली असणं आणि रात्रीच्या तीन लांब घटनांत असणं यांत मोठा फरक आहे.

ग्रेड ठरते ती अस्तर तुटलेल्या रेघांवरून. ए म्हणजे रेघ ५ मिलिमीटरपर्यंतची. बी म्हणजे त्याहून लांब, पण अस्तराच्या दोन घड्यांच्या माथ्यांना जोडणारी नाही. सी मध्ये रेघा घड्या ओलांडून एकमेकींना मिळतात. डी मध्ये नळीच्या घेराचा किमान तीन-चतुर्थांश भाग व्यापलेला असतो. ए ग्रेड निरोगी माणसातही सापडते, तिच्यावरून निदान करत नाहीत. तुमचे दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात : रोग आहे, आणि तो नीट उपचारांनी भरून येणाऱ्या टप्प्यावर आहे.

प्रश्न : पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दोन महिने घेतली. थांबवली की आठवड्यात दुप्पट त्रास. सवय लागली का? आणि उपाशीपोटीच का घ्यायची?

उपाशीपोटी एवढं पुरेसं नाही, त्यानंतर खाल्लंही पाहिजे. जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पेशींत असंख्य पंप असतात आणि खाणं सुरू झालं की ते कामाला लागतात. गोळी फक्त चालू पंपाला कायमची जखडते. रक्तात ती तास-दोन तासांतच निम्मी होते. खाण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घेतली तर पंप चालू होताना औषध रक्तात हजर असतं. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच न खाणाऱ्यांची गोळी बरीचशी वाया जाते, आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच निघतं. गोळी चावू किंवा कुटू नका, तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठी आहे. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्या दिवशीच निकाल लावू नका.

थांबवल्यावर वाढलेला त्रास हा बऱ्याचदा उसळीचा असतो. आम्ल कमी राहिल्याने शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडत होतं. गोळी थांबली, गॅस्ट्रिनचा जोर काही आठवडे राहिला, आणि आम्ल आधीपेक्षा जास्त आलं. हे व्यसन नव्हे. डॉक्टरांशी बोलून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते आणि मधल्या दिवसांत अल्जिनेट किंवा साधं अँटासिड वापरता येतं. मात्र सी किंवा डी ग्रेड असेल तर गोळी स्वतःहून अजिबात थांबवू नका. जखम भरायला साधारण आठ आठवडे लागतात आणि गोळी सोडल्यावर ती बहुतेकांत परत उघडते.

हेही लक्षात घ्या, की गोळीने रस वर येणं थांबत नाही, त्याची धार जाते. तोंडाशी येणारं पाणी गोळीनंतरही आलं तर त्यात नवल नाही.

प्रश्न : खाण्याचा सोडा पाण्यातून घेतल्यावर लगेच बरं वाटतं. रोज घेतला तर?

रोज नको. आम्ल आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, जठर फुगतं, आणि फुगलेलं जठर म्हणजे सैल पडणारी झडप. अर्ध्या छोट्या चमच्यात सहाशे मिलिग्रॅमच्या वर सोडियमही जातं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तो टाळलाच पाहिजे. रोज काहीतरी घ्यावं लागतंय ही गोष्टच डॉक्टरांकडे जायला पुरेशी आहे. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा रक्त कमी झाल्याचं आढळणं, यांपैकी एकही असेल तर त्याच आठवड्यात जा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर त्याच क्षणी.

प्रश्न : बायॉप्सीत ‘बॅरेट’ आलं. म्हणजे कॅन्सर का?

नाही. वारंवारच्या दाहाने चपट्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या उंच, स्राव सोडणाऱ्या पेशी आल्या आहेत. नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाने १९५० मध्ये याबद्दल लिहिलं तेव्हा त्यांना ते छातीत ओढलं गेलेलं जठर वाटलं होतं. १९५७ मध्ये, ही अन्ननलिकाच आहे, हे त्यांनी मान्य केलं.

हे नवं अस्तर आम्ल अधिक चांगलं सोसतं. त्यामुळे काही जणांची जळजळ उलट कमी होते आणि ते गोळी सोडतात. हीच चूक करू नका. पेशी आम्लाला सरावल्या असल्या तरी त्यांच्यात पुढचे बदल होऊ शकतात. अहवालात ‘डिसप्लेझिया’ (पेशींमधले कॅन्सरकडे नेऊ शकणारे बदल) शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर कॅन्सरची शक्यता वर्षाला शंभरात एकापेक्षा बरीच कमी असते, आणि बदललेल्या पट्ट्याच्या लांबीनुसार तीन ते पाच वर्षांनी एण्डोस्कोपी सांगतात. त्या वेळी दर दोन सेंटिमीटरवर चारही बाजूंनी तुकडे घेतले का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डिसप्लेझिया असेल तर तो दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पडताळून घ्या. तो पक्का ठरला तर दुर्बिणीतूनच तो थर काढता किंवा जाळता येतो, आणि गोळी चालू असेल तर त्या जागी पुन्हा चपट्या पेशींचं अस्तर भरून येतं.